गढीतले निवांत लग्न: मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यात चार दिवसांचे कार्य कसे योजावे

मराठवाड्यात लग्न म्हटले की साडेबाराचा मुहूर्त, दीड वाजला तरी मारुतीच्या पारावरून न हललेली वरात, मंचावर पुढाऱ्यांचे सत्कार, उन्हात ताटकळलेली दोन-अडीच हजार माणसे आणि मंगलाष्टके संपायच्या आत जेवणाच्या मांडवाकडे सुरू झालेली रेटारेटी, हे चित्र बहुतेकांच्या परिचयाचे आहे. ज्यांना हे नको असते आणि ज्यांची खर्चाची तयारीही असते, त्यांच्यापैकी काही जण शहराबाहेरचे लॉन्स सोडून गावाकडच्या जुन्या वाड्याचा किंवा गढीचा, म्हणजे बुरूज-तटबंदीच्या वाड्याचा, विचार करतात. दीडशेच्या आत पाहुणे, तीन रात्रींचा मुक्काम आणि कोणताही विधी घड्याळाकडे पाहून न उरकणे, एवढी चौकट मनाशी धरली तर असे लग्न फार देखणे होते. मात्र माझ्या मते त्यातला पहिला खर्च निवांत वेळेसाठी करावा, दुसरा पाण्यासाठी आणि तिसरा वाड्याच्या डागडुजीसाठी. फुले, रोषणाई आणि पडदे यांचा क्रम त्यानंतर लागतो, कारण सागवानी खांबांच्या चौकाला सजावटीची मुळातच फारशी गरज नसते.

तारीख

तुळशीची लग्ने कार्तिक पौर्णिमेपर्यंत उरकली की लग्नसराई उघडते. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत धनुर्मास असतो आणि त्या काळात, तसेच पौषातही, पुष्कळ घरी कार्य करत नाहीत. त्यामुळे हिवाळ्यातले दोन पट्टे हाती राहतात. एक मार्गशीर्षाचा सुरुवातीचा भाग आणि दुसरा माघ, म्हणजे साधारण जानेवारीची अखेर ते फेब्रुवारीचा मध्य. गढीतल्या लग्नासाठी मी माघाला झुकते माप देईन. विहिरींना तोवर पाणी असते, दिवसाचे ऊन सोसवते, रात्री शाल लागते आणि उशिरा पेरलेल्या ज्वारीचा हुरडाही मिळू शकतो. फेब्रुवारी सरू लागला की गारपिटीचे भय सुरू होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यावर जी गारपीट झाली, ती ज्यांनी पाहिली आहे ते त्या दिवसांत उघड्या मांडवाच्या भरवशावर कार्य धरणार नाहीत. चैत्र-वैशाखात मुहूर्त भरपूर असतात, परंतु पारा चाळिशीपार गेलेला असतो. हातभर रुंदीच्या भिंतींमुळे माजघर गार राहिले तरी मांडव गार राहत नाही आणि टँकरच्या गावात पाण्याची उधळण करणे शोभतही नाही.

मुहूर्ताबाबत गुरुजींशी आधीच मोकळेपणाने बोलावे आणि गोरज मुहूर्त मिळतो का ते पाहावे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्य सव्वासहा-साडेसहाच्या सुमारास मावळतो. त्या वेळी अंतरपाट धरला तर त्याआधीचा सारा दिवस रिकामा राहतो आणि पुढची लाजाहोम, सप्तपदी समयांच्या उजेडात होते.

वाडा पाहणे आणि तपासणे

निजामाच्या राजवटीत देशमुख, देशपांडे आणि जहागीरदार घराण्यांनी राखलेल्या गढ्या मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत विखुरलेल्या आहेत. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले, १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या, उत्पन्न आटले आणि घरातली पुढची पिढी शिक्षण-नोकरीसाठी शहरांकडे गेली. त्यानंतर बऱ्याच गढ्यांचे बुरूज पावसात वितळत गेले आणि कित्येकांची पांढरी माती शेतात टाकण्यासाठी नेली गेली. आज ज्या उभ्या आहेत त्या कोणीतरी दर पावसाळ्याआधी माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, माती टाकत राहिल्यामुळे उभ्या आहेत, हे जागा पाहायला जाताना ध्यानात असावे.

जागा पाहायला जायचे ते पावसाळ्यातच. हिवाळ्यात प्रत्येक वाडा सुंदर दिसतो. श्रावणात मात्र कोणत्या खणात गळते, कोणती भिंत फुगली आहे, चौकातले पाणी मोरीवाटे जाते की ओसरीवर चढते, हे सारे न विचारता कळते. म्हणून लग्न माघात असेल तर त्याआधीचा जुलै-ऑगस्ट सोडू नये.

पुढची पायरी म्हणजे जुन्या बांधकामाची जाण असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि चुन्याचे काम येणारा गवंडी यांना एकत्र नेणे. माळवदाचे घर म्हणजे सागवानी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. ते मुळातच जड असते आणि दरवर्षी नवी माती पडत गेल्याने अधिक जड होत जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत जी मनुष्यहानी झाली, तिच्यामागे मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरचे हे जड छत होते. तेव्हा तुळयांची टोके भिंतीत जिथे शिरतात तिथे वाळवी आहे का, खांब आणि त्याखालचा दगड यांचा मेळ सुटला आहे का, भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून अलग झाले आहेत का, याचा लेखी अहवाल घ्यावा. आणि अहवाल कितीही चांगला असला तरी माळवदावर पाहुण्यांना चढू देऊ नये. छायाचित्रकारांना तिथला कोन मोहात पाडतो, वरातीत पोरे वर धावतात आणि उजेडासाठी सोडलेली सानी अंधारात दिसत नाहीत. जिन्याला कुलूप लावून किल्ली घरच्याच एका माणसाकडे ठेवावी.

डागडुजी करायची ती चुन्याने आणि मातीनेच. सिमेंटचा गिलावा किंवा ऑइलपेंट लावला की भिंतीतला ओलावा आत कोंडतो आणि दोन पावसाळ्यांत पोपडे सुटू लागतात. कार्याआधी चुन्याचा एक हात पुरेसा होतो. मांडववाल्याला पहिल्याच दिवशी बजावावे की खांबात, तुळईत किंवा तिला आधार देणाऱ्या कोरीव हस्तात एकही खिळा ठोकायचा नाही. सगळी उभारणी स्वतःच्या पायावर उभ्या राहणाऱ्या लोखंडी सांगाड्यावर व्हावी आणि दोर बांधायचाच असेल तर खाली सुती कापड गुंडाळावे. हळदीचा कार्यक्रम जिथे होणार तिथल्या दगडी फरशीवर आधी ताडपत्री आणि वर जाजम अंथरावे, कारण तेल-हळदीचा डाग दगडात मुरला की निघत नाही.

एक गोष्ट शहरातल्या संयोजकांच्या यादीत कधीच नसते, ती म्हणजे आग्यामोहोळ. बुरुजाच्या कमानीखाली किंवा जवळच्या वडा-पिंपळावर ते लोंबत असते आणि वर्षभर कोणाला त्रास देत नाही. पण होमाचा किंवा चुलाण्याचा धूर थेट वर गेला, तोफेसारखे फटाके उडाले की माशा उठतात आणि मग सगळ्या माणसांना पळायला एकच दरवाजा असतो. लग्नाच्या दीड-दोन महिने आधी मोहोळ कुठे आहे ते पाहून, माशा न मारता ते हलवू शकणाऱ्या जाणकाराला बोलवावे. ते शक्य नसेल तर होमकुंड, चुलाणे आणि वाजंत्री यांच्या जागा वाऱ्याची दिशा पाहून ठरवाव्यात. फटाके अजिबात उडवू नयेत, कारण त्याच दिवसांत गावात कडब्याच्या गंजी रचायला सुरुवात झालेली असते.

दरवाजांची मापे टेपने घ्यावीत. गढीचा मोठा दरवाजा उघडत नसेल तर सगळी ये-जा दिंडी दरवाजातून वाकून करावी लागते आणि भांड्यांचा ट्रक ढेलजेबाहेरच अडतो. संरक्षणासाठी बांधलेल्या वास्तूला बहुधा एकच वाट असते. आग लागली किंवा कोणी आजारी पडले तर दुसरी वाट कोणती, रुग्णवाहिका कुठवर येईल आणि कुठे वळेल, हे ठरल्याशिवाय बयाणा देऊ नये. उंच उंबरे आणि ठेंगण्या चौकटी यांचा म्हाताऱ्या माणसांना त्रास होतो. लाकडी उतरंड ठेवावी आणि चौकटीच्या वरच्या पट्टीला फुलांचे जाड तोरण बांधावे, म्हणजे डोके आपटण्याआधी माणूस आपोआप वाकतो. आडाला लोखंडी जाळी आणि बारवेच्या पायऱ्यांना कठडा व उजेड हवाच.

कागदपत्रे आणि भाऊबंद

वाडा एका आजोबांच्या ताब्यात दिसला तरी कागदावर सात-आठ हिस्सेदार असतात. गावठाणातील घराचा ग्रामपंचायतीचा नमुना ८, सिटी सर्व्हे झालेला असेल तर मालमत्ता पत्रक आणि मांडव शेतात पडणार असेल तर सातबारा पाहावा आणि ज्यांची नावे निघतील त्या सर्वांची लेखी संमती करारात घ्यावी. पुण्याच्या पुतण्याने ऐन हळदीच्या सकाळी हरकत घेतली, असे व्हायला नको.

वास्तू संरक्षित स्मारक असेल तर तो नाद सोडून द्यावा. केंद्राच्या १९५८ च्या कायद्याखालील नियमांनुसार संरक्षित स्मारकात मेजवानी, स्वागतसमारंभ किंवा करमणुकीचा कार्यक्रम लेखी परवानगीशिवाय करता येत नाही आणि राज्याच्या यादीतील वास्तूंसाठी राज्याचा १९६० चा वेगळा कायदा आहे. खासगी गढी एखाद्या केंद्रीय संरक्षित स्मारकाशेजारी असेल तरी सभोवतालचे १०० मीटर बांधकामाला प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित असतात. तेव्हा कायमस्वरूपी स्वच्छतागृह वगैरे बांधायचा बेत तिथे चालणार नाही.

बाकी ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्याची परवानगी, आचारी किंवा केटररचा अन्न परवाना आणि महावितरणकडून तात्पुरती जोडणी ही नेहमीची कामे आहेत. मद्य द्यायचेच असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना लागतो. देवक बसलेल्या घरात ते टाळणेच बरे, असे माझे मत आहे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून आहे आणि निवांत लग्नाला तो अडचणीचा न वाटता सोयीचाच वाटतो.

पाणी, वीज आणि झोप

शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. मुक्कामी १५० माणसे असतील तर रोज २०,२५० लिटर, म्हणजे १०,००० लिटरचे दोन टँकर झाले. स्वयंपाक, भांडी आणि मांडवाची धूळ बसवणे यांसाठी तिसरा वेगळा धरावा. वाड्याच्या आडात पाणी असले तरी ते या हिशेबात धरू नये, कारण त्यावर शेजारची घरेही असतात. पिण्याचे पाणी जारचे असावे. ज्या प्रदेशात एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे कारंजी आणि रेन डान्स यांचा मोह कोणाला होऊ नये. पाऊसच कमी झाला असेल तर पाहुणे कमी करावेत.

स्वच्छतागृहांवर कंजूषी करू नये. जुन्या वाड्यात न्हाणी असते, पण आजच्या अर्थाने स्वच्छतागृहे एक-दोनच. फिरती स्वच्छतागृहे २० ते २५ माणसांमागे एक या हिशेबाने, विहिरीच्या उताराकडच्या बाजूला आणि जनरेटरच्या आवाजापासून दूर उभारावीत. आंघोळीच्या पाण्याला तांब्याचे बंब मिळाले तर उत्तम. पहाटे धुरकट कढत पाण्याने न्हाणे हा पाहुण्यांच्या आठवणीतला सोहळा ठरतो आणि त्याला वीजही लागत नाही.

शेतीच्या वाहिनीवर थ्री-फेज वीज दिवसातून साधारण आठ तास आणि तीही पाळीपाळीने मिळते. त्यामुळे भिस्त जनरेटरवरच ठेवावी आणि दुसरा राखीव असावा. तारा भिंतीत न खोचता बाहेरून, आधारावर नेल्या जाव्यात. दिवळ्या आणि कोनाड्यांतून पणत्या व कंदील ठेवले की रोषणाईचा अर्धा खर्च वाचतो. मात्र प्रत्येक चौकात वाळूच्या बादल्या, अग्निशामक नळकांडी आणि ती वापरता येणारा माणूस हवा.

पाहुण्यांना झोप नीट मिळाली नाही तर थाट कितीही केला तरी चौथ्या दिवशी सगळे चिडलेले असतात. वाड्यात वीस-पंचवीस माणसांचीच खरी सोय होते. तिथे वधूकडचे वडीलधारे आणि लेकुरवाळ्या राहाव्यात. वरपक्षाला त्याच गावात दुसरा वाडा किंवा मळ्यातले घर जानवसा म्हणून स्वतंत्र द्यावे, म्हणजे सीमांतपूजनाला आणि वरातीला अर्थ उरतो. उरलेल्यांसाठी मळ्यात तंबू किंवा अर्ध्या तासाच्या अंतरावरचे चांगले हॉटेल आणि ठरलेल्या वेळी सुटणाऱ्या गाड्या असाव्यात. माघातल्या रात्री तंबूत गारठतात, म्हणून एका माणसाला दोन रग धरावेत.

चार दिवसांची मांडणी

लांबून येणाऱ्यांना मनमाड ते सिकंदराबाद मार्गावरची जालना, परभणी, नांदेड ही स्थानके, छत्रपती संभाजीनगरचे विमानतळ किंवा समृद्धी महामार्ग यांपैकी जे जवळ पडेल ते आमंत्रणासोबतच कळवावे. मुंबई ते नागपूर हा ७०१ किलोमीटरचा महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण खुला झाल्याने जालन्यापर्यंत येणे बरेच सोपे झाले आहे. शेवटच्या दहा किलोमीटरच्या रस्त्याचे मात्र खरे वर्णन करावे आणि वळणावळणांवर माणूस उभा ठेवावा, कारण गूगलचा नकाशा गढीऐवजी हमखास जिल्हा परिषदेच्या शाळेत नेऊन सोडतो.

पहिला दिवस फक्त येण्याचा ठेवावा. दुपारी चहा, हातपाय धुणे, गप्पा आणि संध्याकाळी मळ्यात हुरडा. आगटीत गोवऱ्यांची धग धरली की कणसे त्यात सरकवायची, खरपूस झाली की काढून गरम असतानाच तळहातांवर चोळायची आणि फुंकर मारून कोंडा उडवायचा. हिरवट दाणे ताटलीत पडताच गूळ, शेंगदाण्याची चटणी आणि दही यांसह संपलेले असतात. हे काम जाणत्या हातांचे आहे. केटररच्या पोरांना आगटीजवळ बसवू नये. मळेकऱ्यालाच मान द्यावा. त्या रात्री कोणताही कार्यक्रम ठेवू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुहूर्तमेढ आणि देवक, दहाच्या पुढे हळद. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. ती आणून घरच्या जात्यावर दळली आणि बायकांनी घाणा भरताना ओव्या म्हटल्या तर वेगळ्या संगीताची गरज पडत नाही. दुपारी एक ते चार पूर्ण विश्रांती. याच दिवशी चारनंतर मानपानाची एकच बैठक घ्यावी आणि शाल-फेटे, साड्या, टोपी-टॉवेल सगळे तिथेच संपवावे, म्हणजे लग्नाच्या दिवशी पिशव्या शोधत कोणी फिरत नाही. व्याह्यांना संभाजीनगरची हिमरू शाल आणि वधूला पैठणच्या मागावरची पैठणी देण्याचा विचार असेल तर सहा-आठ महिने आधी मागणी नोंदवावी. पदरावर बांगडी-मोर किंवा आसावलीचे काम असेल तर हातमागावर फार वेळ जातो आणि घाई केली की यंत्रमागावरचे कापड हाती पडते. संध्याकाळी सीमांतपूजन आणि साधे जेवण.

तिसरा दिवस लग्नाचा, पण दुपारपर्यंत तो जवळजवळ रिकामा असावा. सकाळी नवरदेवाचा परण्या, म्हणजे वाजतगाजत मिरवणूक, निघते आणि मारुतीला जाऊन येते. पुढे हलगी, मागे सनई एवढे पुरे. डीजे नसला की गावातली म्हातारी माणसेही दाराशी येऊन उभी राहतात. दुपारी हलके जेवण आणि झोप. साडेचारनंतर छायाचित्रकाराला पाऊण तास द्यावा आणि त्यानंतर विधी चालू असताना जोडप्याला वळवणे, थांबवणे, पुन्हा हार घालायला लावणे बंद, असे करारातच लिहावे. मंगलाष्टके कोण म्हणणार हेही आधीच ठरवावे, नाहीतर हौशी आत्या-मावश्यांत मुहूर्त टळतो. माझ्या मते पाच पुरेत. सत्कार, मनोगते आणि पुढाऱ्यांची भाषणे होणार नाहीत, हे पत्रिकेत नम्रपणे छापावे. वाईट वाटणाऱ्यांना ते आधीच वाटून गेलेले बरे. अक्षतांसाठी तांदळाच्या पोत्यांऐवजी मूठ-मूठ तांदूळ घरच्यांना आणि फुलांच्या पाकळ्या इतरांना द्याव्यात, म्हणजे धान्य पायदळी येत नाही.

जेवणानंतर कुलाचार असेल तर चौकात गोंधळ घालावा. तुळजापूर आणि माहूर ही दोन्ही पीठे याच प्रदेशातली असल्याने चांगले गोंधळी मिळण्यास अडचण नसते. संबळ, तुणतुणे आणि पेटती दिवटी एवढ्यावर चौसोपी चौक भरून जातो. दहानंतर माइक बंद ठेवायचा असतोच आणि चार भिंतींच्या आत त्याची उणीव भासत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी न्याहारी करून पाठवणी. ज्यांना पुढे फिरायचे आहे त्यांना सांगून ठेवावे की वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असते. औंढा नागनाथ, परळी वैजनाथ आणि घृष्णेश्वर ही ज्योतिर्लिंगे बऱ्याच घरांच्या वाटेवर पडतात.

ताटातले

आठवडाभर आधी मुख्य आचाऱ्याने येऊन चुलाण्याची जागा पाहावी. ती भिंतीपासून दूर आणि मांडवाच्या वाऱ्याखाली असावी. शहरात मिळणारे चाट, पास्ता आणि लाइव्ह काउंटर इथे आणण्यात काही मतलब नाही. एका जेवणात बाजरी-ज्वारीची भाकरी, पिठले, खरडा आणि वांग्याचे भरीत. दुसऱ्यात येसराची आमटी, पुरणपोळी आणि कटाचे सार. न्याहारीला दह्याबरोबर धपाटे. गोडात गव्हाची खीर आणि कुंथलगिरीच्या खव्याचा पेढा. दुपारच्या उन्हात जालन्याच्या मोसंबीचा रस. डाळ, चिंच आणि कोथिंबीर लातूरकडची मिळाली तर आमटीला चव वेगळीच येते. संभाजीनगरचा मटणाचा नान-खलिया पहिल्या रात्री मळ्यात, वेगळ्या चुलीवर करता येतो. देवक बसल्यानंतर मात्र वाड्यात शाकाहारच चालतो, याची कल्पना पाहुण्यांना द्यावी.

लग्नाचे मुख्य जेवण पंगतीतच व्हावे. सोप्यावर समोरासमोर दोन रांगा धरल्या तर एका वेळी साठ-सत्तर माणसे बसतात. एका पंगतीला पाऊण तास धरावा आणि पुढच्या पंगतीच्या माणसांना पाठीशी उभे राहू देऊ नये, त्यांच्यासाठी दिवाणखान्यात पान-सुपारी आणि सनई ठेवावी. पत्रावळी पळसाच्या असाव्यात. गुडघे दुखणाऱ्यांना चौरंग-पाट किंवा टेबल न मागता मिळावे. वाढपी घरचे असले तर आग्रह होतो, पण गरम वरण आणि तूप यांची पातेली सरावाच्या माणसांकडेच द्यावीत. विहिणीची पंगत शेवटी आणि निवांत, तिला वेळेचे बंधन नको. खव्याचे आणि दुधाचे पदार्थ दुपारी करून रात्रीपर्यंत बाहेर ठेवणे टाळावे. थंडी असली तरी मांडवात दुपारी ऊब असतेच.

गाव

गढीत दीडशे माणसे बाहेरून येऊन राहणार आणि गावाला चुलीचा धूर फक्त दिसणार, हे मराठवाड्यात कोणाला पटत नाही, आणि पटू नयेही. लग्नाच्या दोन दिवस आधी किंवा नंतर वेगळे गावजेवण घालावे, चुलीला अवतण, म्हणजे घरातल्या सगळ्यांना आमंत्रण, द्यावे आणि त्यात तीच पुरणपोळी असावी जी पाहुण्यांना मिळणार आहे. भाकरी थापणाऱ्या बाया, पाणक्ये, झाडलोट करणारे, गुरव, वाजंत्री यांची मजुरी आधी ठरवून त्याच संध्याकाळी रोख द्यावी.

इथे थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. निजामी काळातल्या गढ्यांभोवती वेठबिगारीच्या आठवणी अजून ताज्या आहेत. त्यामुळे ‘संस्थानी थीम’ म्हणून गावातल्या माणसांना पट्टेवाले, चोपदार, हुजरे अशा वेषात उभे करणे हे ज्यांच्या आजोबांनी फुकट राबून त्या भिंती उचलल्या त्यांना झोंबते. फेटा सगळ्यांनाच बांधावा, किंवा कोणालाच बांधू नये. वाड्याच्या भाड्याखेरीज काही रक्कम शाळेच्या खोलीला किंवा बारवेतला गाळ काढायला दिली तर गावाला ती चार दिवसांची अडचण जाणवत नाही.

निघण्याआधी

मांडव उतरवण्याचा दिवस करारात धरलेला असावा आणि त्या दिवशी घरचा एक जबाबदार माणूस मागे राहावा. चौकात सांडलेले तांदूळ आणि गूळ त्याच दिवशी झाडावेत, नाहीतर उंदीर-मुंग्या तुळयांपर्यंत चढतात. होमाची राख पूर्ण विझवून मळ्यात नेऊन टाकावी. आधी काढलेल्या छायाचित्रांशी खांब, फरशी आणि कोनाडे ताडून पाहावेत, मगच अनामत परत घ्यावी.

विवाह नोंदणीही तिथेच उरकता येते का, हे आधी विचारून घ्यावे. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्यानुसार ग्रामीण भागात ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, हे निबंधकाचे काम पाहतात आणि लग्नानंतर ९० दिवसांत नोंदणी अपेक्षित असते. अर्जावर वधू-वरांबरोबर साक्षीदारांच्या आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींच्या सह्या लागतात. पुढे पुण्या-मुंबईला गेल्यावर ही सगळी माणसे पुन्हा एकत्र मिळत नाहीत. म्हणून वयाचे व रहिवासाचे पुरावे, छायाचित्रे आणि पत्रिका आधीच एका पाकिटात ठेवावी, अधिकाऱ्यांची वेळ घेऊन ठेवावी आणि चौथ्या दिवशी न्याहारीनंतर, गुरुजींची गाडी सुटण्यापूर्वी, सह्या करून घ्याव्यात.